चाळिशी आणि बंदुकीची माशी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. शिक्षण सातवीपर्यंत झाले, पुढे संसार. गेल्या वर्षी याच दिवशी मी आत मसालेभाताच्या पातेल्याजवळ उभी होते आणि इथली भाषणे भिंतीआडून ऐकत होते. यंदा कार्यवाह बाई म्हणाल्या, "तुमच्या घरातली एखादी गोष्ट सांगा, पण अशी की बायका ऐकून काही घरी घेऊन जातील." मी विषय सांगितला तेव्हा त्या हसू लागल्या. "हळदीकुंकवाच्या दिवशी बंदुकीच्या माशीवर बोलणार?" मी म्हटले, "बोलायचे आहे डोळ्यांवर. बंदूक वाटेत येते, त्याला मी काय करू?"

तशी आपल्या सातारा जिल्ह्याला बंदूक परकी नाही. इथून जवळच अपशिंगे गाव आहे. त्याच्या नावापुढे 'मिलिटरी' असे लागते, ते उगीच नव्हे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. आमचे हेही मराठा लाईट इन्फंट्रीत होते. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी सांगलीला एका पतसंस्थेत बंदूकधारी रखवालदाराची नोकरी धरली. सांगली माझे माहेर. माझा दादा तिथे हळदीच्या पेठेत तोलाईचे काम करतो. हे आठवडाभर दादाकडे राहायचे आणि रविवारी एस.टी.ने कऱ्हाडवरून घरी यायचे. असे आमचे बरे चालले होते.

आता माशी म्हणजे काय ते सांगते, कारण पुढे तिचेच काम आहे. बंदुकीच्या नळीच्या टोकावर एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. रायफलीला अलीकडे, डोळ्याच्या बाजूला, एक खाच असते. खाचेच्या मधोमध माशी दिसली पाहिजे आणि माशीच्या टोकावर निशाण दिसले पाहिजे. तिन्ही गोष्टी एका रेषेत आल्या म्हणजे नेम झाला. ह्यांच्या नोकरीतल्या दुनळी बंदुकीला तर खाचसुद्धा नाही, नुसती माशी. तिथे खाचेचे काम आपल्या डोळ्यानेच करायचे.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी हे घरी आले ते गप्प गप्प. जेवताना बोलले नाहीत. दुपारी परड्यात गेले. तिथे मातीने भरलेल्या पोत्यांची थप्पी आहे, मागे दगडी भिंत आहे. वाडीतल्या दोन-तीन मुली रविवारी ह्यांच्याकडे छऱ्याच्या रायफलीचा सराव करतात, त्यासाठी ती जागा केली आहे. त्या दिवशी मुली नव्हत्या. हे एकटेच दहा मीटरवर कागद लावून नेम धरीत होते. मी चहा घेऊन गेले आणि कागद पाहिला. पूर्वी ह्यांचे पाच छरे रुपयाच्या नाण्याखाली झाकायचे. त्या दिवशी एक इथे, एक तिथे, असे भाताच्या शितासारखे विखुरले होते.

"बंदूक बिघडलीया," हे म्हणाले.

मी काही बोलले नाही, बघत उभी राहिले. हे दस्त्याला गाल लावायचे, डोळे बारीक करायचे, मग हळूच मान मागे घ्यायचे. पुन्हा गाल, पुन्हा मान मागे. भगिनींनो, ती मान मागे घेण्याची तऱ्हा मी ओळखली. त्या वर्षी मीसुद्धा सुईत दोरा ओवताना हात असाच लांब लांब नेत होते. मी म्हटले, "अहो, बंदूक नाही बिघडली. माझी झाली तशी तुमची चाळिशी झाली."

तेव्हा खरे बाहेर आले. पतसंस्थेच्या रखवालदारांचा वर्षाचा गोळीबाराचा सराव त्या आठवड्यात झाला होता. ह्यांच्या पाच काडतुसांपैकी दोनच कागदाला लागली. "माशी दिसंना झालीया. दिसली तर निशाण दिसंना," हे म्हणाले. आयुष्यभर ज्याचा नेम चुकला नाही त्या माणसाने हे वाक्य कसे उच्चारले असेल, ते तुम्हीच ओळखा. साहेबांना ह्यांनी हात दुखत असल्याचे सांगितले होते.

ह्यांनी मनात एक उपाय ठरवून टाकला होता. रायफलीवर दुर्बीण बसवून सराव करायचा, म्हणजे हात पुन्हा बसेल. दुर्बीण सात-आठ हजारांची. माझी भिशी त्याच महिन्यात लागली होती, हे त्यांना ठाऊक होते. मी म्हटले, "पैसे देते, पण आधी डोळे तपासून या." हे तयार होईनात. डॉक्टरांच्या कागदावर काही आले तर नोकरी जाईल, ही भीती.

इथे मला दोन गोष्टी बोलाव्या लागल्या. पहिली सासूबाईंची. त्यांना कमी दिसू लागले तेव्हा त्यांनी यात्रेत पालावरचा चष्मा घेतला. पुढच्या वर्षी दुसरा घेतला, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. आम्हीही म्हणत राहिलो, वय झाले, चालायचेच. दवाखान्यात नेले तेव्हा काचबिंदू निघाला आणि एक डोळा गेलेला होता. मोतीबिंदूचे ऑपरेशन केले की दिसू लागते. काचबिंदूत डोळ्याची नस वाळत जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. शिवाय तो रक्तात उतरतो. मी ह्यांना म्हटले, "तुम्ही त्यांच्याच पोटचे आहात."

दुसरी गोष्ट बोलताना मला धीर गोळा करावा लागला. मी म्हटले, "पतसंस्थेत पैसे काढायला माझ्या आईसारख्या म्हाताऱ्या बाया रांगेत उभ्या असतात. उद्या प्रसंग आला आणि न दिसता तुम्ही चाप ओढलात, तर?" हे बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत बसले. मग म्हणाले, "चल."

मीही बरोबर सांगलीला गेले. जाताना मी एक शहाणपण केले, ते आधी सांगते. शिलाईचे माप घेतात तशी एक दोरी घेतली. ह्यांना रायफल धरून उभे केले. डोळ्यापासून खाचेपर्यंत दोरी धरली, एक गाठ मारली. तिथून माशीपर्यंत नेली, दुसरी गाठ. पहिली गाठ दीड फुटावर आली, दुसरी तीन फुटांवर. निशाण तर दहा मीटर, म्हणजे तेहेतीस फूट. माझ्यासाठीही दुसऱ्या दोरीवर सुईची, तव्याची आणि रेशनच्या कार्डाची गाठ मारून घेतली.

डॉक्टरीणबाईंनी दोरी पाहिली आणि हसल्या, पण ते कौतुकाचे हसणे होते. म्हणाल्या, "लोक येतात आणि 'दिसत नाही' एवढेच सांगतात. किती अंतरावरचे दिसत नाही, ते कोणी सांगत नाही." त्यांनी दोघांच्याही डोळ्यांचा दाब पाहिला, बाहुली मोठी करणारे थेंब घालून आतला पडदा पाहिला. ह्यांचा काचबिंदू नव्हता. तो निरोप ऐकला तेव्हा माझे निम्मे काम झाले. मात्र आईला आहे म्हणून दरवर्षी तपासणी चुकवायची नाही, असे त्यांनी बजावले.

मग त्यांनी समजावून सांगितले ते माझ्या शब्दांत सांगते. आपल्या डोळ्यात एक भिंग आहे. तरुणपणी ते लवचिक असते. जवळ बघायचे तर फुगते, लांब बघायचे तर चपटे होते. वय वाढते तसे ते कडक होत जाते, आणि चाळिशीच्या सुमाराला आपल्या ध्यानात येते. हा आजार नव्हे. चष्म्यालाच आपल्या भाषेत चाळिशी म्हणतात, इतके हे नेमाने येणारे आहे. आता खाच, माशी आणि निशाण या तीन अंतरांवरच्या वस्तू एकाच वेळी स्वच्छ तर तरुण डोळ्यालाही दिसत नाहीत. पण तरुण डोळा एकीवरून दुसरीवर इतका झटकन जातो की, सगळे दिसल्यासारखे वाटते. कडक झालेल्या भिंगाला ती धावपळ जमत नाही. तेव्हा एकीची निवड करायची.

कोणती? ह्यांना वाटत होते, निशाण. तिथेच चूक होती. निवडायची माशी. निशाण थोडे पुसट दिसले तरी गोल काळ्या ठिपक्याचा मध्य डोळा सापडवतो. पण माशी खाचेत अर्धा मिलिमीटर बाजूला राहिली, तर दहा मीटरवर छरा सेंटिमीटरभर बाजूला जातो. रांगोळीची पहिली रेघ जरा तिरपी गेली की शेवटी फूल कुठल्या कुठे जाते, तसेच हे.

दुसरा घोळ चष्म्यात होता. ह्यांचा चष्मा दोन भागांचा, वर लांबचे आणि खाली जवळचे. नेम धरताना मान पुढे झुकते आणि डोळा काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो. तिथे लांबचा नंबर, म्हणून माशी पुसट. खालच्या भागातून बघायचे तर मान वर करावी लागते, आणि मग गाल दस्त्यावरून सुटतो. म्हणजे चष्मा होता, पण त्या कामाचा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी एकाच नंबराचा वेगळा चष्मा लिहून दिला, लांबच्या नंबरात अर्धा नंबर वाढवून. त्याने माशी स्वच्छ झाली आणि निशाण किंचित मऊ दिसले, तेवढे चालते. काच मोठी घ्या, म्हणजे वरच्या कोपऱ्यात चौकट आडवी येणार नाही, हेही सांगितले.

निघताना त्यांनी एक गंमत दाखवली. ती आता इथल्या इथे सगळ्यांनी करून पाहा. चष्मा उतरवा. समोरच्या निमंत्रणपत्रिकेवरची सगळ्यात बारीक अक्षरे बघा. दिसत नाहीत ना? आता मूठ वळा, तीत सुईच्या दाभणाएवढे बारीक भोक ठेवा आणि त्यातून एका डोळ्याने बघा. आली ना अक्षरे? बारीक भोकातून सरळ येणारे थोडेच किरण आत जातात, आजूबाजूचे पसरट किरण अडतात, म्हणून चित्र स्वच्छ दिसते. फक्त उजेड कमी होतो.

घरी आल्यावर ह्यांच्या ध्यानात आले, फौजेतल्या रायफलीला मागे खाच नव्हती, भोकच होते. तरणेपणी त्याचे महत्त्व वाटले नाही. मग मी एक मोठी काळी टिकली घेतली, दाभण तापवून तिच्या मध्यभागी भोक पाडले आणि नव्या चष्म्याच्या त्या वरच्या कोपऱ्यात ह्यांच्या डोळ्याच्या रेषेत चिकटवली. शेजारच्या वहिनी कुंपणावरून पाहून म्हणाल्या, "काय हो, भावजींना टिकली लावली!" हे लाजले, पण कागदावरचे छरे जवळ जवळ येऊ लागले. दोन रुपयांची टिकली, भगिनींनो. मात्र ही युक्ती कागदावरच्या सरावापुरतीच. टिकलीने आजूबाजूचे दिसणे झाकले जाते, म्हणून नोकरीवर किंवा गाडीवर ती कधीही लावायची नाही.

पुढे ह्यांनी ओळखीच्यांकडून मागून आणून सगळे प्रकार बसवून पाहिले. त्यात जे समजले ते थोडक्यात सांगते. रायफलीबरोबर आलेली साधी खाच स्वस्त आणि मजबूत, पण तिच्यात तीन वस्तू जुळवाव्या लागतात. चाळिशीच्या डोळ्याला हेच सर्वांत अवघड. माशी चकाकत असेल तर समईच्या काजळीवर धरून काळी करावी, एवढ्यानेही फरक पडतो. भोकाची साइट डोळ्याजवळ असते. भोकाकडे बघायचे नसते, त्यातून बघायचे असते, मध्य डोळा आपोआप पकडतो. म्हणजे तीन वस्तूंच्या दोनच उरल्या. भोक फार बारीक केले तर संध्याकाळी अंधारते, फार मोठे केले तर पुन्हा पुसट, म्हणून लहानमोठे करता येईल असे घ्यावे. लाल ठिपक्याची साइट बघायला सोपी, ठिपका लांब निशाणापाशीच असल्यासारखा दिसतो. पण ज्यांच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे त्यांना ठिपका फुटलेल्या चांदणीसारखा दिसतो. ह्यांना तसाच दिसला. दुर्बिणीत निशाण आणि तार एकाच ठिकाणी दिसतात, म्हणून म्हाताऱ्या डोळ्याला ती सर्वांत सोपी, हे खरे. पण ती जड असते, आणि हाताचा कंपही मोठा करून दाखवते. स्प्रिंगच्या छऱ्याच्या रायफलीचा धक्का पुढे-मागे दोन्हीकडे बसतो, त्याने साधी दुर्बीण खिळखिळी होते.

ह्यांनी भोकाची साइट निवडली. दुर्बिणीच्या निम्म्याहून कमी पैसे लागले. तरी मनात थोडी अढी होती, की हा म्हाताऱ्याचा टेकू. ती अढी वाडीतल्या मुलींनी काढली. त्यांनी दाखवले की स्पर्धेतल्या दहा मीटर रायफलीला भोकाचीच साइट असते, दुर्बीण चालत नाही, चष्मा मात्र लावता येतो. त्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले, ते भोकाच्याच साइटवर. आणि कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफलीत जगज्जेत्या झाल्या, पुढे २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये उतरल्या, तेव्हा त्या चाळीस वर्षांच्या होत्या. हे ऐकून मला इतके बरे वाटले म्हणून सांगू! चाळिशी लागली म्हणजे माणूस संपले, असे नव्हे.

पुढच्या वर्षीच्या सरावात नवा चष्मा लावून ह्यांची पाचांपैकी चार काडतुसे कागदाला लागली. पण त्याच्या आधीच ह्यांनी साहेबांना खरे सांगून टाकले होते. हात दुखत नव्हता, डोळ्याचे कारण होते, हा डॉक्टरांचा कागद. आणि आणखी एक सांगितले, की उजेडात माझा भरवसा धरा, रात्रीच्या मंद दिव्यात आता पूर्वीसारखे दिसत नाही, मला दिवसपाळी द्या. साहेबांनी ऐकले. रात्रपाळीचा भत्ता गेला, तो आम्हाला अजून जाणवतो. दूध अर्ध्या लिटरने कमी केले, दिवाळीची साडी पुढे ढकलली. पण मी रात्री स्वस्थ झोपते. ज्याच्या हाती बंदूक आहे, त्याने आपल्या डोळ्यांविषयी खोटे बोलू नये. गेल्या साली दोन काडतुसे लागली तेव्हा जी मान खाली होती, ती खरे सांगून आल्यावर वर झाली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

आता आपल्यापुरते. आपल्यापैकी किती जणी 'डोळे गेले' म्हणून शिवण सोडून बसल्या आहेत? किती जणी नवऱ्याचा नाहीतर सासूचा चष्मा चढवून तांदूळ निवडतात? एक करा. उद्या घरी दोरी घ्या. सुईला एक गाठ, पोथीला एक, शिवणयंत्राला एक. ती दोरी घेऊन तपासायला जा, आणि चाळीस उलटली असेल तर डोळ्यांचा दाब पाहून घ्या, ज्यांच्या घरी काचबिंदू आहे त्यांनी तर हयगय करू नका. चष्मा कामाप्रमाणे बनतो. दोन कामांना दोन चष्मे लागले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपण भाजीला एक विळी आणि नारळाला दुसरी ठेवतोच की!

माझी अध्यक्षीणबाईंना एक विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात खर्चाचा एखादा भाग कमी करून मंडळातर्फे डोळे तपासणीचा एक दिवस ठेवावा. माझ्या सासूबाई आता एका डोळ्याने वाती वळतात. त्या मला आज निघताना म्हणाल्या, "त्यांना सांग, माझ्यासारखा उशीर करू नका." तेवढे सांगण्यासाठीच मी उभी राहिले.

बोलताना काही चुकले असेल तर सातवी पास बाई म्हणून सांभाळून घ्या.